शातो मार्गो १९९६ : वर्गणी काढून उघडलेली बाटली

शातो मार्गो १९९६, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित मार्गो इस्टेटीची त्या सालच्या द्राक्षांची लाल वाइन, आता पिण्याजोगी झाली आहे. तळघरात ज्यांची बाटली पडून आहे त्यांनी आणखी दहा-पंधरा वर्षं हात लावला नाही तरी काही बिघडणार नाही, पण ‘अजून कच्ची आहे’ म्हणून थांबायचं कारण उरलेलं नाही. ज्यांच्याकडे ती नाही, आणि बोर्दोतल्या एखाद्या दुकानाच्या काचेआड तिची किंमत वाचून ज्यांची पावलं पुढेही जात नाहीत आणि मागेही येत नाहीत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. मी पेशाने हिशेबनीस. वाइनच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही. नाक बरं आहे, जीभ ठीकठाक आहे, आणि पैसे नेमके कुठे गेले हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

इथे बोर्दोत आमचा सहाजणांचा कंपू आहे. एरवी आम्ही वीस-पंचवीस युरोंच्या बाटल्यांवर भागवतो. वर्षाकाठी एकदा वर्गणी काढून काहीतरी आवाक्याबाहेरचं आणतो. मार्गोचं नाव निघालं तेव्हा मी एक अट घातली. त्याच वर्षाची, बोर्दोच्या त्याच मेदॉक पट्ट्यातली, पण कुठल्याही मानाच्या यादीत नसलेली दुसरी एक बाटली शेजारी ठेवायची. महागडी वाइन एकटी प्यायली की सगळेच माना डोलावतात. एवढे पैसे मोजलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणूच शकत नाही, ते त्याच्या खिशाला परवडत नाही. म्हणून शेजारी सोसियांदो-माले १९९६ आणली, शंभर युरोंच्या थोडी वर. मार्गोला पडले ७८०.

मार्गोची ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही, पण किमतीचा मोठा भाग या ओळखीचाच आहे, म्हणून थोडं सांगतो. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. ती केली दलालांनी, आणि तीही घोट घेऊन नव्हे, तर बाजारात कोणाला किती भाव मिळतो ते बघून. मला ही पद्धत मनापासून पटते. लाल वाइनच्या पहिल्या प्रतीत चारच नावं आली, त्यातलं मार्गो एक. पाचव्या नावाला १९७३ पर्यंत वाट पाहावी लागली. मजा अशी की ज्या काळात ही पाचवी बढती झाली, त्याच काळात मार्गोचे दिवस फिरले होते. १९७३ नंतर बोर्दोचे भाव कोसळले आणि मालक असलेलं जिनेस्ते कुटुंब कर्जात रुतलं. एक अमेरिकन कंपनी इस्टेट घ्यायला तयार होती, पण फ्रेंच सरकारने तो सौदा होऊ दिला नाही; राष्ट्राचा ठेवा परक्यांच्या हाती कसा द्यायचा! शेवटी १९७७ मध्ये ती घेतली आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी. हे मूळचे ग्रीक, आणि त्यांचा पैसा फेलिक्स पोतँ नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीतला. बोर्दोतल्या खानदानी मंडळींची नाकं तेव्हा किती मुरडली असतील याची कल्पना करून मला अजून हसू येतं. या किराणावाल्या गृहस्थांनी मळ्याचा निचरा सुधारला, नवीन वेली लावल्या, तळघर बांधलं आणि सल्ल्याला एमिल पेनो यांच्यासारखा नामांकित वाइनतज्ज्ञ आणला. १९८० मध्ये ते अचानक गेले. मुलगी कोरिन हिने कारभार हातात घेतला, आणि १९८३ मध्ये पॉल पोंतालिए नावाचा ऐन तिशीच्या आतला तरुण तिथे कामाला लागला. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं तोवर मार्गो म्हणजे ही जोडी. १९९६ ची बाटली दोघांच्या ऐन भरातली आहे.

मळा बघायचा असेल तर बोर्दोच्या सँ-जाँ स्टेशनातून पॉइंत द ग्राव्हकडे जाणारी गाडी धरायची; मार्गोला ती थांबते. झाडांच्या दुतर्फा रांगेतून समोर तो खांबांचा दर्शनी भाग दिसतो, लेबलवर आहे तसाच. आत जायला आधी वेळ ठरवावी लागते. आणि दारात बाटली मिळत नाही. ही गोष्ट पाहुण्यांना सांगून सांगून मी थकलो. इथली मोठी घराणी आपला माल व्यापाऱ्यांना विकतात, तोही पिंपात असतानाच, आणि व्यापारी तो जगभर पाठवतात. १९९६ ची मार्गो अशीच १९९७ मध्ये विकली गेली, बाटलीत भरायच्याही आधी. ज्यांनी तेव्हा पैसे गुंतवले ते आज खुशीत असणार. आपण बरेच हात फिरल्यावर घेतो, आणि प्रत्येक हाताने आपला हिस्सा काढून घेतलेला असतो.

मळ्यात पाहण्यासारखं तसं काही नाही. खडेच खडे. मुठीएवढे, सुपारीएवढे, पांढरट-करडे गोटे. त्यातून वेली वर आलेल्या. मातीत कस नाही, पाणी ठरत नाही, म्हणून मुळं खोल जातात आणि घड थोडे लागतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या जातीला अशी हलाखी मानवते. मर्लो या दुसऱ्या जातीला चिकणमातीचा ओलावा आवडतो, म्हणून नदीपलीकडे पोमरोलमध्ये तिचं राज्य. १९९६ या वर्षाचं सगळं मर्म याच फरकात आहे.

त्या वर्षी जूनमध्ये फुलोरा झटपट आणि एकसारखा आला. ऑगस्टच्या शेवटी पाऊस झाला आणि शेतकऱ्यांचे चेहरे पडले. मग सप्टेंबर आला तो कोरडा, वाऱ्याचा, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा. मर्लो लवकर पिकते. तिला पावसाचा फटका बसला तो बसलाच, सावरायला वेळच मिळाला नाही. कॅबर्ने उशिरा पिकते. तिने तो पूर्ण महिना ऊन खाल्लं आणि गार रात्रींमुळे आंबटपणाही राखला. साखर आणि आम्ल दोन्ही वर, हा योग फारसा येत नाही. त्यामुळे नदीच्या डाव्या काठाला, म्हणजे मेदॉकला, १९९६ हे कॅबर्नेचं वर्ष ठरलं, आणि मार्गोच्या त्या वर्षीच्या मिश्रणात कॅबर्ने सोव्हिन्याँ ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. बाकी मर्लो, आणि चिमटीभर पती व्हर्दो व कॅबर्ने फ्राँ. एवढी कॅबर्ने म्हणजे तरुणपणी दात आंबवणारा प्रकार. ही वाइन कित्येक वर्षं कुणाला जवळ येऊ देत नव्हती असं जुनी मंडळी सांगतात, आणि आज ग्लासात जे आहे ते पाहता त्यावर विश्वास बसतो.

आता खरेदीचं. जुनी बाटली घेताना नावाआधी तिची पातळी बघावी. तीस वर्षांत बुचातून थोडी वाइन उडून जाते. पातळी मानेच्या तळाशी असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली असेल तरी एवढ्या वयाच्या बाटलीला चालतं, पण खांद्याच्या मध्यापर्यंत किंवा त्याखाली गेली असेल तर तो धोक्याचा इशारा. लेबलवर ओलीचे डाग असले तर बिघडत नाही, उलट मला बरं वाटतं. ओलसर तळघरात पडून होती याची ती खूण. काळजी करायची ती झळझळीत, कोऱ्या लेबलची आणि दुकानात दिव्याखाली उभ्या करून ठेवलेल्या बाटल्यांची. एका दुकानात (नाव घेत नाही) हीच वाइन साठ युरो स्वस्त होती आणि खिडकीत उभी होती, दुपारचं ऊन थेट अंगावर. विकणारा म्हणाला, ‘साहेब, आजच मांडलीय.’ तिच्यावरची धूळ वेगळं सांगत होती. शेवटी आम्ही जिथून घेतली तिथे मूळ लाकडी पेटी समोर आणून दाखवली, बाटली कोणाच्या तळघरात होती आणि कधी बाहेर आली ते सांगितलं. जास्तीचे साठ युरो त्या माहितीचे. एवढ्या मोठ्या नावात खोटा मालही फिरतो, तेव्हा पावती आणि पूर्वेतिहास मागायला लाजू नये.

किमतीचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगतो. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने मार्गोची १७८७ सालची म्हणून मिरवली जाणारी बाटली एका मेजवानीला नेली आणि ती तिथे धक्का लागून फुटली. विम्याचे सव्वादोन लाख डॉलर्स मिळाले. ती बाटली थॉमस जेफरसन यांची असल्याचं सांगत, आणि त्या साऱ्याच ‘जेफरसन’ बाटल्यांच्या खरेपणाबद्दल पुढे जबरदस्त वाद झाला. प्यायली कोणीच नाही, तरी एका बाटलीचा असा जमाखर्च माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आमच्या कंपूतल्या मादाम पूर्वी औषधांचं दुकान चालवायच्या. हात स्थिर म्हणून बाटली उघडायचं काम कायम त्यांच्याकडे. दोन दिवस बाटली उभी ठेवलेली, गाळ तळाशी बसलेला. साध्या स्क्रूने जुनं बूच हमखास तुटतं. त्यांच्याकडे दोन पात्यांचा चिमटा आहे; ती पाती बूच आणि काच यांच्या फटीत एकाआड एक, झुलवत झुलवत खाली सरकवायची आणि मग पिळत पिळत वर ओढायचं. बूच सलग आलं. खालचा तीन-चार मिलिमीटरचा थर काळपट जांभळा, वर कोरडं ठणठणीत, अंगावर शातोचं नाव आणि साल स्पष्ट. म्हणजे बुचाने आपलं काम चोख केलं होतं. मादामनी ते नाकाशी धरलं, मान हलवली आणि माझ्याकडे दिलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास, म्हणजे बुचाने वाइन बिघडवल्याची खूण, आला असता तर ७८० युरो मोरीत गेले असते. तसा वास नव्हता. माझ्या छातीतून जे काही निघालं त्याला सुस्काराच म्हणत असावेत.

मग ओतणं. बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरायची आणि एका दमात, न थांबता, काचेच्या भांड्यात ओतत राहायचं; गाळाची पहिली रेघ मानेशी आली की थांबायचं. गाळ म्हणजे घाण नव्हे. रंगद्रव्यं आणि तुरटपणा देणारे टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. वाइन मऊ आणि फिकी होते ती त्यामुळेच. पण जिभेवर तो गाळ कडवट आणि रवाळ लागतो, म्हणून शेवटचा पन्नासेक मिलिलिटरचा भाग बाटलीतच सोडावा लागतो. भागिले सहा केलं तर माणशी साडेआठ युरोंचा गाळ. मी हे मोठ्याने बोललो आणि बायकोने टेबलाखालून पाय दाबला.

रंगावरून वय कळतं. मधोमध अजून गडद, जुन्या माणकाचा लाल. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरला की काठाला विटकरी झाक. तीस वर्षांच्या मानाने हा काठ अरुंद आहे. सोसियांदोचा काठ तर त्याहून अरुंद होता, मधला भाग जवळजवळ अपारदर्शक. डोळ्यांना विचाराल तर तीच जास्त महाग वाटावी.

पहिल्या पंधरा मिनिटांत मार्गोने फारसं काही दिलं नाही. थोडं देवदार, थोडी माती, आणि कुठेतरी मागे दार लावून बसलेलं फळ. आमच्यातल्या दोघांचे चेहरे उतरले. एकाने तर स्पष्टच विचारलं, ‘हिचा काळ उलटून तर नाही ना गेला?’ मला वाटतं या वाइनच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते याच टप्प्यावर. लोक पहिला ग्लास भरतात, बोलत बोलत संपवतात, आणि वाइन बोलायला लागते तेव्हा बाटली रिकामी असते. आम्ही माणशी दोन बोटं ओतून घेतली होती आणि बाकीची भांड्यात सोडली होती. खोली अठरा अंशांवर. याहून गरम नको. एका हॉटेलात मला एकदा अशीच मुरलेली वाइन बावीस-तेवीस अंशांवर दिली होती, तेव्हा नाकात फक्त स्पिरिट चढलं. वेटर मात्र ‘रूम टेंपरेचर, सर’ म्हणून खूश होता.

पाऊण तासाने वास उघडला, आणि उघडला तो एकेक करून. आधी पेन्सिलीला टोक काढताना येतो तो लाकूड आणि शिशाचा कोरडा वास. मग ब्लॅककरंट, पण ताज्या फळाचा नव्हे. वाळवून डब्यात ठेवलेल्या फळाचा, ज्यातली साखर मागे गेली आहे आणि रस पुढे आला आहे. त्यानंतर व्हायोलेटची फुलं. मार्गो गावच्या वाइनमध्ये फुलांचा वास असतो हे इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी मुद्दाम संशय घेऊन हुंगत होतो. मादामना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘वाद कशाला घालता, पुन्हा हुंगा.’ पुन्हा हुंगलं. फुलं होती. सुकलेली नव्हेत, ताजी. तीस वर्षं काचेत कोंडून ठेवलेल्या गोष्टीतून ताज्या फुलांचा वास यावा, याचं रसायनशास्त्र मला कोणी समजावलं तरी माझं आश्चर्य कमी होणार नाही. तंबाखूची पानं आणि पावसाळी जंगलातला पाचोळा हे वास दीड तासानंतर आले, आणि तोवर फुलं गेलीही नव्हती.

तोंडात काय होतं हे सांगणं जास्त कठीण. या दर्जाच्या वाइनबद्दल लिहिताना सगळे ‘रेशमी’ म्हणतात. मला तसं वाटलं नाही. रेशीम घसरतं, आणि ही वाइन घसरत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाला जो स्पर्श असतो, मऊ पण अंगाला धरून असणारा, तसा तिचा पोत आहे. तुरटपणा आहे, हिरड्यांच्या कडेला शेवटी जाणवतो, पण कोरडं पडत नाही तोंड. आंबटपणा सरळ, ताठ, मध्यभागी. त्याच्याच आधाराने सगळं उभं आहे. त्या काळच्या मेदॉकमध्ये अल्कोहोल साडेबारा-तेराच्या आसपास असायचं, आजच्यासारखं चौदा नाही, त्यामुळे घशाखाली जळजळ नाही, जडपणा नाही. घोट गिळल्यावर चव निघून जायला तयारच नसते. ती वाढतही नाही आणि विझतही नाही. गप्पांचा एक विषय संपून दुसरा निघाला तरी जिभेच्या मागच्या बाजूला ते देवदार होतंच.

आणि तरीही, पहिल्यांदा पिणाऱ्याला ही वाइन भारावून टाकेल असं मला वाटत नाही. ती मोठ्याने बोलत नाही. गोडसर, भरगच्च, लाकडाच्या व्हॅनिलाने न्हालेल्या तांबड्या वाइनची सवय असलेल्या माणसाला ही पातळ वाटेल, आणि त्याचं ते वाटणं प्रामाणिक असेल. नव्या ओकच्या पिंपात ही दीड-दोन वर्षं मुरली, इस्टेट आपली काही पिंपं स्वतःच बनवते. पण आज त्या लाकडाचा मागमूस वेगळा काढता येत नाही. नव्या लाकडाचे पैसे गेले कुठे, तर पोतात. (या पिंपांत वाइन निवळायला अंड्यांचा पांढरा बलक घालतात, २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंडी. उरलेल्या पिवळ्या बलकाचं करायचं काय, यातून बोर्दोचं कॅनले नावाचं केक निघालं असं इथे सांगतात. खरंखोटं माहीत असो नसो, कॅनले खाताना मी वाइनवाल्यांचे आभार मानतो.)

आता सोसियांदो-माले. सँ-सरँ-द-कादुर्नमधला हा मळा, जिरोंद नदीच्या खाडीकडे तोंड करून बसलेला, सँतेस्तेफ गावाच्या उत्तरेला. १८५५च्या यादीत नाही. १९६९ मध्ये जाँ गोत्रो या वाइन व्यापाऱ्याने तो घेतला आणि उभा केला. यादीबिदीच्या भानगडीत न पडता केवळ चवीवर नाव कमावलं. १९९६ हे या मळ्याच्या गाजलेल्या वर्षांपैकी एक. पहिल्या पंधरा मिनिटांत हिने मार्गोला सरळ मागे टाकलं. काळं फळ, शाई, धूर, आणि पिकलेल्या कॅबर्नेतसुद्धा कधीकधी डोकावते ती ढोबळ्या मिरचीची हिरवी छटा. मला ती छटा आवडते, मादामना खपत नाही. टॅनिन अजून दणकट. चुलीवर भाजलेल्या मांसाबरोबर ही खाऊन पिऊन सुखी होईल अशी वाइन आहे. सहापैकी चौघांनी तेव्हा हिच्या बाजूने हात वर केला असता, आणि मी मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळा झालो होतो: ७८० वजा ११०.

दोन तासांनी पुन्हा दोन्ही ग्लास शेजारी धरले. सोसियांदो होती तिथेच होती. चांगली, खंबीर, थोडी हट्टी. जे सांगायचं ते पहिल्या ग्लासात सांगून मोकळी झालेली. मार्गो तोवर तीनदा बदलली होती. मांसासाठी साधं भाजलेलं, मेदॉकमधल्याच पोयाक गावचं कोकरू होतं, मीठ-मिरीपलीकडे काही नाही, सोबत बटाटे; त्या चरबीपुढे मार्गोमधला उरलासुरला तुरटपणाही विरला आणि मधलं फळ पहिल्यांदा नीट समोर आलं. मग मिमोलेत चीजचा जुना, कडक तुकडा. मादामनी लसूण स्वयंपाकघरातच फिरकू दिली नव्हती आणि त्यांचं बरोबर होतं. मुरलेल्या वाइनला तिखट, लसूण, चॉकलेट यांतलं काहीच चालत नाही. जेवण संपेपर्यंत चौघांतले तिघे फिरले होते. चौथा म्हणाला, ‘मला फरक कळतो. पण सहाशे सत्तर युरोंचा कळत नाही.’

त्याचं म्हणणं मी टाळू शकत नाही, कारण हिशेब माझ्याकडे आहे. ७५० मिलिलिटरमधला गाळ वजा करून सातशे, भागिले सहा, माणशी जेमतेम एकशे पंधरा मिलिलिटर. त्याचे १३० युरो. सोसियांदोचं तेवढंच माप अठराला पडलं. चवीचा दर्जा सातपट नसतोच; कुठल्याच खाण्यापिण्याच्या गोष्टीत तो तसा वाढत नाही. शंभर युरोंपर्यंत वाइनमध्ये प्रत्येक वाढीव युरोचं काहीतरी जिभेवर मिळतं. त्यापुढे नाव, दुर्मीळपणा, आणि त्या १८५५च्या दलालांनी लावून दिलेली शिडी याचे पैसे जास्त, वाइनचे कमी. माझ्या अंदाजाने या बाटलीतले अडीचशे-तीनशे युरो मला प्यायला मिळाले. उरलेले लेबलकडे पाहत बसण्याचे. तरी ते अडीचशेतीनशेचं जे मिळालं, ते मला दुसऱ्या कुठल्या बाटलीत कमी पैशात मिळालं असतं असं म्हणवत नाही. दोन तास थांबून इतकं बदलत राहणारी आणि तरी शेवटपर्यंत ताठ राहणारी वाइन मी शंभर युरोंत प्यायलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा. एकट्यादुकट्याने घेऊ नका. कोणाला प्रभावित करण्यासाठी तर मुळीच नाही, कारण ज्याला प्रभावित करायचं त्याला ही पहिल्या ग्लासात पातळ लागेल. चार-सहा जण, सगळे सावकाश पिणारे, जेवण साधं, संध्याकाळ मोकळी, असं जमत असेल तर वर्गणी काढा. तास-दीड तास आधी ओतून ठेवा, त्याहून जास्त नको. या वयात रात्रभर उघडं ठेवण्याचे प्रयोग मी दुसऱ्याच्या बाटलीवर करेन. आधी दुसरी वाइन ओता म्हणजे तहान भागते आणि मार्गोचे मोठाले घोट घेतले जात नाहीत. उरवायचा विचार मनात आणू नका. उरणार नाही, ते वेगळं.

पैसे कमी असतील तर त्याच घराची दुसऱ्या फळीची वाइन, पाव्हियाँ रूज, १९९६ सालची मार्गोच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळते. मोठ्या वाइनच्या मिश्रणात न बसलेली पिंपं तिच्यात जातात. ती आता पूर्ण तयार आहे, आणि आणखी साठवून फायदा नाही. पण खरं सांगायचं तर तेवढ्या पैशात मी सोसियांदोच्या दोन बाटल्या घेईन.

आणि सहाजणांना एक बाटली कमीच पडते. मादामनी लगेच मॅग्नमचा भाव विचारून घेतला: दीड लिटरला दुप्पट नव्हे, दुपटीहून वर, कारण मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते आणि शौकीन तिच्या मागे असतात. माणशी किती येतात ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.